वनस्पतींवरून जमिनीची पारख : वसई परिसरातील ओढेकाठ, पाणथळ व खाजण जमिनी

जमिनीची परीक्षा माती हातात घेऊन करावयाची, हे प्रत्येक शेतकरी जाणतो. परंतु माती हातात घेण्यापूर्वीच तिच्यावर आपोआप उगवलेल्या वनस्पती तिच्याविषयी पुष्कळ काही सांगत असतात. पाणी किती दिवस साचते, ते गोडे आहे की खारे, मातीत हवा खेळते की नाही, या तीन प्रश्नांची उत्तरे झाडाझुडपांवरून मिळू शकतात. सखल प्रदेशात तर ही पारख फारच उपयोगी पडते. कारण तेथे दोन हातांच्या अंतरावर जमिनीचा गुण पालटतो, आणि अशा जमिनीविषयी केलेली चूक पुढे अनेक पावसाळे निस्तरावी लागते.

या दृष्टीने पालघर जिल्ह्यातील वसई तालुका हा अभ्यासास उत्तम प्रदेश आहे. डोंगरातील ओहोळापासून खाडीतील चिखलापर्यंतच्या बहुतेक सर्व प्रकारच्या ओल्या जमिनी येथे थोड्या अंतरात पाहावयास मिळतात.

प्रदेशाची ठेवण

वसई तालुक्याच्या पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर, पश्चिमेस अरबी समुद्र, उत्तरेस वैतरणा नदी व दक्षिणेस उल्हास नदीच्या मुखाची वसईची खाडी आहे. तानसा नदी भाताणे, मेढे, उसगाव या गावांच्या परिसरातून वाहत जाऊन वैतरणेस मिळते. कामणकडील पाणी दक्षिणेकडे वसईच्या खाडीत उतरते. डोंगरपायथा व समुद्रकाठची वाळूमिश्रित बागाईत जमीन यांच्या दरम्यान एक सखल पट्टा आहे. भातशेती, मिठागरे, खाजणे व तळी मुख्यतः या पट्ट्यात आढळतात.

हा पट्टा गाळाने बनलेला आहे. आज सोपारा समुद्रापासून आत दिसते. परंतु प्राचीन काळी ते पश्चिम किनाऱ्यावरील प्रसिद्ध बंदर होते व खाडीतून तेथपर्यंत जहाजे येत. डोंगरावरून येणारी माती व भरतीबरोबर येणारा चिखल यांनी खाड्या हळूहळू उथळ होत जातात व जमीन तयार होते. म्हणून येथील मातीच्या खालच्या थरांत अनेक ठिकाणी खाऱ्या पाण्याचा जुना अंश असतो, ही गोष्ट पुढील सर्व विवेचनात लक्षात ठेवावी.

उत्तर कोकणात पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने बहुधा कोरडे जातात. त्यामुळे एकच शेत श्रावणात गोड्या पाण्याने भरलेले व वैशाखात मिठाने पांढरे झालेले दिसू शकते. जमिनीची पाहणी वर्षातून एकदाच केल्यास फसगत होते ती यामुळेच.

ओहोळ व ओढ्याचा काठ

डोंगरउतारावरील ओहोळात गोटे, मुरूम व भरड वाळू असते. पाणी वेगाने जाते व साचत नाही; त्यामुळे मुळांना हवा भरपूर मिळते. अशा ठिकाणी गोट्यांच्या फटींत शेरणीची झुडपे असतात. पुराचा लोंढा आला म्हणजे ही झुडपे आडवी होतात व ओसरताच पुन्हा उभी राहतात. काठावर उंबर, करंज व जांभूळ ही झाडे आढळतात. त्यांची मुळे काठाची माती घट्ट धरून ठेवतात.

ज्या ओढ्याच्या काठी ही झाडे शाबूत आहेत तेथे काठ ढासळत नाही व खालच्या शेतात दगडगोटे येत नाहीत. ही झाडे सरपणासाठी तोडली गेली म्हणजे पहिल्या एकदोन पावसाळ्यांत विशेष काही घडत नाही. कारण जुनी मुळे काही काळ माती धरून असतात. ती कुजली म्हणजे एका मोठ्या पुरात काठ वाहून जातो आणि त्याचे खरे कारण कोणाच्या ध्यानात येत नाही. यास्तव ओढ्यालगतच्या शेतकऱ्याने काठावरील दहापंधरा फुटांची पट्टी झाडांसाठी सोडावी. जेथे झाडे गेली असतील तेथे करंज, बांबू व निर्गुडी यांची लागवड करावी.

पुराच्या गाळाची जमीन

सपाटीवर आल्यावर ओढ्याचा वेग मंदावतो. पूर काठाबाहेर पडला म्हणजे जड वाळू व भरड कण काठाजवळच बसतात. बारीक चिकण गाळ दूरवर जाऊन सावकाश बसतो. त्यामुळे ओढ्याच्या अगदी जवळची जमीन किंचित उंच व भुसभुशीत असते, आणि त्यापासून दूर असलेली जमीन बहुधा अधिक सखल, भारी व चिकण असते. पाण्यापासून दूर म्हणून जमीन कोरडी असेल, हा समज पुराच्या मैदानात खोटा ठरतो.

वनस्पती हा फरक स्पष्ट दाखवितात. काठाच्या उंच पट्टीवर निर्गुडी, करंज व हरळी वाढते. मागील सखल भागात लव्हाळा व मोथ्याच्या जाती भरतात. पहिल्या पट्टीवर भाजीपाला, तसेच भातानंतर वाल यांसारखी पिके चांगली येतात. मागील भागात पाणी उशिरा निचरते. तेथे भातच योग्य होय, आणि तोही पाणी सहन करणाऱ्या, थोड्या उंच वाणाचा. दोन्ही भागांस एकच वाण, एकच खत व एकच लावणीची तारीख लावणे हे नुकसानीचे कारण ठरते.

पुरामुळे येणारा पातळ गाळ हा खताप्रमाणे मानावा. परंतु जाड वाळू पसरल्यास ती सुपीक थरात नांगरून मिसळण्याऐवजी शक्य तितकी बाजूस काढावी.

गोड्या पाण्याच्या पाणथळ जागा

तळ्यांचे काठ, जुन्या ओढ्यांची वळणे व पाणी न निचरणारी खाचरे यांत पाणकणीस, लव्हाळा, कुमुदिनी, नाळीची भाजी व देवभात या वनस्पती आढळतात. पाणकणीस उभे असलेली जागा वर्षातील बराच काळ पाण्याखाली असते, असे समजण्यास हरकत नाही.

अशा जमिनीत काय घडते ते समजून घेणे आवश्यक आहे. माती पाण्याने पूर्ण भरली म्हणजे तिच्यातील प्राणवायू एकदोन दिवसांतच संपतो. त्यानंतर मातीतील सूक्ष्म जंतू श्वसनासाठी प्रथम नत्राची नायट्रेट संयुगे, नंतर लोह, व शेवटी गंधकाची संयुगे वापरू लागतात. नत्राचा काही अंश वायुरूपाने उडून जातो. तांबूस लोह विरघळते व माती निळसर करडी दिसू लागते. पुढची पायरी आली म्हणजे कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो.

पाणकणीस व भात या वनस्पती अशा मातीतही जगतात. कारण त्यांच्या खोडांत पोकळ नळ्यांसारख्या पेशी असतात व त्यांतून पानांतील हवा मुळांपर्यंत पोहोचते. ही हवा मुळांबाहेर झिरपते तेथे लोहाचा पुन्हा गंज होतो. म्हणून पाणथळ माती खणली असता करड्या मातीत मुळांच्या वाटांवर तांबूस रेघा दिसतात. जेथे अशा रेघा वीतभर खोलीवरच सुरू होतात, तेथे मिरची, वांगी किंवा केळी लावू नये. या पिकांस मुळांपर्यंत हवा नेण्याची तशी सोय नसते.

अशा खाचरात नायट्रेटयुक्त खत देणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. युरियाही पाण्यावर फेकून न देता, युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मध्यभागी सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचल्यास नत्राचा नाश कमी होतो व भाताला त्याचा लाभ दीर्घकाळ मिळतो.

जलपर्णीविषयी एक सूचना आवश्यक आहे. ती तरंगती वनस्पती असल्याने तिच्यावरून मातीचा गुण ओळखता येत नाही. ती माजली असेल तर पाण्यात सांडपाण्यातून आलेली अन्नद्रव्ये फार झाली आहेत व पाण्याची हालचाल मंदावली आहे, असे समजावे. ती बी धरण्यापूर्वी बाहेर काढून खड्ड्यात कुजवावी.

खारवट पट्टा

गोड्या जमिनीकडून खाडीकडे जाताना हरळी व मोथा विरळ होत जातो आणि मांसल, रसदार पानांच्या वनस्पती दिसू लागतात. त्यांत मोरस ही मुख्य होय. तिची कोवळी पाने भाजीसाठी वापरतात व त्यांची चव मुळातच खारट असते. मोरस मातीतील मीठ पानांतील पाण्यात साठवून जगते. म्हणून तिची पाने फुगीर दिसतात. बांधांच्या कडेस मिरजोळीची झुडपे, तसेच काटेरी पानांची व निळ्या फुलांची मारांडी आढळते.

भातशेतात मोरसाचे ठिपके दिसू लागणे ही धोक्याची सूचना होय. त्या ठिकाणी उन्हाळ्यात खालचे खारे पाणी मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढते, पाणी उडून जाते व मीठ वर राहते. पावसाळ्यात त्याच जागी रोपांचे शेंडे पांढरे पडून करपतात, चूड फुटत नाही व लोंब्या पोचट राहतात. शेतकरी अनेकदा हा रोग समजून औषध फवारतो. औषधाने मीठ जात नाही.

मोजमाप करावयाचे झाल्यास, मातीच्या संपृक्त अर्काची विद्युत् वाहकता दर मीटरला ४ डेसीसायमनहून अधिक असेल तर ती जमीन क्षारयुक्त समजतात. भाताचे उत्पन्न ३ पासूनच घटू लागते आणि त्यापुढे प्रत्येक एका अंशास साधारणतः १२ टक्के घट येते. रोपावस्था व फुलोरा या दोन वेळी भात विशेष नाजूक असतो. प्रयोगशाळेचा अहवाल हाती आल्यावर परीक्षा संपृक्त अर्कावर केली की एकास दोन अशा प्रमाणात पाणी घालून केली, हे अवश्य विचारावे. दुसऱ्या रीतीने त्याच मातीचा आकडा लहान येतो व जमीन आहे त्याहून चांगली वाटते.

खाजण व कांदळवन

भरतीचे पाणी नित्य जेथे येते ते खाजण. वसई व वैतरणा या दोन्ही खाड्यांच्या काठी तिवर, चिपी, कांदळ इत्यादी झाडे आढळतात. तिवराच्या भोवती चिखलातून पेन्सिलीसारखी श्वसनमुळे वर आलेली असतात. ओहोटीच्या वेळी ती हवा घेतात. तिवराच्या पानावर जीभ लावल्यास ते खारट लागते, कारण हे झाड नको असलेले मीठ पानांवाटे बाहेर टाकते. कांदळ आधारमुळांवर उभे राहते व पुष्कळसे मीठ मुळांपाशीच अडविते. तिवर सर्वांत काटक असल्यामुळे कमीअधिक खारटपणाच्या सर्वच जागी ते दिसते. पांढरी चिपी या झाडास महाराष्ट्र शासनाने २०२० साली राज्य कांदळवृक्ष म्हणून घोषित केले.

ही झाडे लाटांचा जोर मोडतात, चिखल धरतात व बाहेरील बांधाचे रक्षण करतात. कोळंबी, निवट्या, खेकडे व अनेक माशांची पिल्ले त्यांच्या आश्रयाने वाढतात. बांधासमोरील तिवरांची रांग तोडली म्हणजे लाटा थेट बांधावर आदळतात. मग दरवर्षी माती टाकूनही बांध टिकत नाही.

खाजण आटवून नवी शेती करावी, हा विचारही सोडून द्यावा. खाजणाच्या काळ्या चिखलात लोह व गंधक यांची संयुगे असतात. पाण्याखाली असेपर्यंत ती निरुपद्रवी असतात. परंतु चिखल कायमचा कोरडा केल्यास हवेच्या संपर्काने त्यांपासून तीव्र आम्ल तयार होऊ शकते, व मग तेथे ना धड भात पिकतो ना तिवर उगवते. शिवाय कायद्यानेही ही जमीन संरक्षित आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली कांदळवनाच्या तोडीस मनाई केली आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने ती कायम केली. कांदळवनाभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकामास व राडारोडा टाकण्यासही बंदी आहे. जमीन खाजगी मालकीची असली तरी ही बंदी लागू होते, हे ग्रामकार्यकर्त्यांनी गावकऱ्यांस समजावून सांगावे.

बांधाच्या आत उगवलेले तिवर

कोकणातील खारजमिनी बांध घालून समुद्रापासून मिळविलेल्या आहेत. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत ही शिलोत्री जमीन म्हणून ओळखली जात असे आणि बांधांची डागडुजी शेतकरी मिळून करीत. पुढे १९४८ साली मुंबई राज्यात खारजमिनींविषयी कायदा झाला. त्याची जागा महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम, १९७९ याने घेतली.

बांधाचे सर्व बळ उघाडीत असते. ओहोटीच्या वेळी आतील गोड्या पाण्याच्या दाबाने उघाडीचे झडप उघडते व भरतीच्या वेळी बाहेरील पाण्याच्या दाबाने ते मिटते. झडपात लाकडाचा तुकडा किंवा प्लास्टिक अडकले, फळी कुजली किंवा बांधाला खेकड्यांची बिळे पडली की भरतीचे पाणी थोडेथोडे आत झिरपू लागते. प्रारंभी हे डोळ्यांस दिसत नाही. ते प्रथम कळते वनस्पतींवरून.

शेतातील नळीच्या कडेला तिवराची वीतभर उंचीची रोपे दिसली तर भरतीचे पाणी तेथपर्यंत येऊन गेले, हे निश्चित समजावे. कारण तिवराचे बी पाण्यावर तरंगत येऊनच तेथे रुजते. या वेळी उपाय सोपा व स्वस्त असतो. झडप साफ करावे, फळी बदलावी, बिळे चिकणमातीने ठोकून बंद करावीत. ही कामे अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत करावीत. अमावास्या व पौर्णिमेच्या उधाणात ओली माती टिकत नाही. बांध शासकीय योजनेतील असेल तर खारभूमी विभागास तत्काळ लेखी कळवावे व अर्जाची पोच जपून ठेवावी.

याच वेळी दुर्लक्ष झाले तर पुढील क्रम ठरलेला आहे. पहिल्या वर्षी कडेचे एकदोन वाफे करपतात. नंतर खांड मोठी होते, शेत पड राहते, तिवर दाट होते. मग ती जागा कांदळवन ठरते, त्यास कायद्याचे संरक्षण मिळते व तेथे पुन्हा नांगर घालणे शेतकऱ्याच्या हाती राहत नाही. यात तिवराचा दोष नाही, कायद्याचाही नाही. वीतभर रोप दिसले त्या दिवशी झडपाकडे कोणी गेले नाही, एवढेच त्याचे कारण असते. उगवलेली झाडे परस्पर तोडू नयेत. वनविभागाच्या कांदळवन कक्षाचा सल्ला घ्यावा. दुरुस्ती मात्र झाडांची नव्हे, पाण्याच्या वाटेची करावी.

पाहणी कशी करावी

ग्रामकार्यकर्त्याने गावातील दोनतीन अनुभवी शेतकरी बरोबर घेऊन ओढ्याच्या वरच्या टोकापासून उघाडीपर्यंत पायी जावे. एक फेरी वैशाखात व दुसरी भाद्रपदात करावी. प्रत्येक ठिकाणी पुढील गोष्टी नोंदवाव्यात.

१. एकाच झाडावरून निर्णय करू नये. ज्या तीनचार वनस्पती एकत्र व भरपूर आहेत त्यांची नोंद करावी. तुरळक करंज कोठेही येतो; करंज, निर्गुडी व हरळी यांचा समूह मात्र निचऱ्याची जमीन दर्शवितो.

२. दीड फूट खोल खड्डा घेऊन मातीचा रंग पाहावा. एकसारखी तपकिरी माती निचरा दर्शविते. करडी व तांबूस रेघांची माती पाण्याचे चढउतार दर्शविते. निळसर करडी व वास येणारी माती कायमचे पाणी दर्शविते.

३. काचेच्या बाटलीत मूठभर माती व पाऊसपाणी घालून हलवावे व स्थिर ठेवावे. विद्राव्य मीठ अधिक असल्यास माती लवकर खाली बसून वरचे पाणी स्वच्छ होते. पाणी दिवसभर गढूळच राहिले व वाळलेली माती कठीण ढेकळे धरीत असेल तर सोडियमचा दोष असण्याचा संभव असतो. दोन्ही बाबतींत नमुना प्रयोगशाळेत पाठवावा.

४. नमुना वरच्या अर्ध्या फुटाचा व त्याखालील अर्ध्या फुटाचा असा वेगवेगळा घ्यावा. उन्हाळ्यात मीठ वर असते, पावसाळ्यात खाली जाते. म्हणून नमुन्यावर महिना लिहावा.

५. वनस्पती मागील काळाची साक्ष देतात हे विसरू नये. नवा बांध झाला तरी जुने तिवर काही वर्षे उभे राहते आणि नव्याने पाणी शिरले तरी जुने उंबर लगेच वाळत नाही. म्हणून मोठ्या झाडांपेक्षा चालू वर्षी रुजलेल्या रोपांकडे अधिक लक्ष द्यावे.

खारवट भातजमिनीची वर्षभराची निगा

भाताची कापणी होताच, ओल असतानाच जमीन उथळ नांगरावी. त्यायोगे मातीतील सूक्ष्म नळ्या तुटतात व खालचे खारे पाणी वर चढण्यास अडथळा होतो. शक्य तेथे पेंढ्याचे आच्छादन घालावे. उन्हाळ्यात बांध व उघाडी तपासून घ्यावी.

ज्येष्ठात पहिला पाऊस पडला की पाणी शेतात कोंडावे व ओहोटीच्या वेळी सोडून द्यावे. हे धुणे लावणीपूर्वी जितक्या वेळा होईल तितके हिताचे. मध्यम पोताच्या, निचरा होणाऱ्या जमिनीत एक फूट खोलीच्या थरातून एक फूट गोडे पाणी झिरपून गेले तर सुमारे चारपंचमांश मीठ वाहून जाते. भारी चिकण जमिनीत याहून अधिक पाणी व वेळ लागतो. पाणी बाहेर जाण्यास वाट नसेल तर मात्र कितीही पाऊस पडला तरी मीठ जागच्या जागी राहते. म्हणून नळ्या मोकळ्या ठेवणे हे खतापेक्षाही आधीचे काम समजावे.

भुरा राता व काळा राता हे कोकणातील जुने, मीठ सहन करणारे भाताचे वाण होत. पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्रातून पनवेल-१, पनवेल-२ व पनवेल-३ हे वाण निघाले. हे केंद्र दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा भाग आहे. रोपे थोडी जून घ्यावीत व एका चुडात नेहमीपेक्षा अधिक रोपे लावावीत. जेथे लावणी शक्य नसते तेथे मोड आलेले बी चिखलात फेकण्याची रहू पद्धत वापरतात. पावसाने ओढ दिल्यास शेत कोरडे पडू देऊ नये. चार दिवसांच्या उन्हात खाली गेलेले मीठ पुन्हा वर येते.

भराव व पूर

शेवटी एका महत्त्वाच्या विषयाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. वसई-विरार भागात शहराची वाढ झपाट्याने झाली. २००९ साली तेथे महानगरपालिका स्थापन झाली. पाणथळ जागा ‘पडीक’ समजून भराव टाकण्याचा मोह अशा वेळी वाढतो. या जागा कोणते काम करतात, हे साध्या हिशेबाने समजते.

खाडीतील भरती दिवसातून दोनदा येते. भरती चढलेली असताना उघाड्या मिटतात व डोंगरावरून येणारे पाणी बाहेर जाऊ शकत नाही. ओहोटी लागेपर्यंत, म्हणजे काही तास, त्या पाण्यास आत थांबण्यासाठी जागा हवी असते. एक एकर सखल जागेवर एक फूट पाणी उभे राहिले तर ते सुमारे १२ लाख ३३ हजार लिटर भरते. दहा हजार लिटरच्या टँकरने वाहावयाचे झाल्यास १२३ टँकर लागतील. एका एकरावर भराव पडला म्हणजे एवढे पाणी नाहीसे होत नाही. ते शेजारच्या शेतात वा घरात जाते.

शिवाय या सखल पट्ट्यातून रेल्वेचा मार्ग दक्षिणोत्तर गेला आहे व डोंगरपायथ्यालगत राष्ट्रीय महामार्ग आहे. पूर्वेकडून पश्चिमेकडे येणाऱ्या पाण्यास त्यांखालील मोऱ्यांतूनच वाट मिळते. एखादी मोरी गाळाने भरली वा तिच्या तोंडाशी भराव पडला तर वरच्या अंगाची शेते तुंबतात. जुलै २०१८ मधील अतिवृष्टीत वसई व नालासोपारा परिसर जलमय झाला, रुळांवर पाणी साचून रेल्वे वाहतूक बंद पडली आणि मिठागरांतील वस्तीस पाण्याने वेढले. पाऊस अपार होता हे खरे. परंतु पाण्याची थांबण्याची जागा व बाहेर जाण्याची वाट शाबूत असेल तर तोच पाऊस कमी नुकसान करतो.

भरावाची हानी गोड्या विहिरींनाही पोहोचते. पश्चिमेकडील वाळूमिश्रित जमिनीत पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगते. तळी व सखल जागा बुजल्या की हे पाणी मुरणे कमी होते, आणि उपसा तेवढाच राहिला तर विहिरीत खारे पाणी चढते. केळी व पानवेलींची जी बागाईत त्या विहिरींवर उभी आहे तिचे भवितव्य अशा रीतीने दूरच्या पाणथळ जागेशी बांधलेले आहे.

सारांश

शेरणी व उंबर दिसले की पाणी वाहते आहे. लव्हाळा व पाणकणीस दिसले की ते थांबते आहे. मोरस दिसली की मीठ वर येत आहे. तिवराचे रोप दिसले की समुद्र आत येत आहे. या चार खुणा गावातील प्रत्येक शेतकऱ्यास व शाळेतील वरच्या वर्गातील मुलांस ओळखता आल्या पाहिजेत.

ग्रामकार्यकर्त्यांनी आपल्या गावाचा साधा नकाशा काढून त्यावर ओढे, मोऱ्या, तळी, उघाड्या व खाजणे दाखवावीत आणि दर वैशाखात या खुणांची नोंद त्यावर करावी. हा नकाशा ग्रामसभेपुढे ठेवावा. कोणती उघाडी प्रथम दुरुस्त करावयाची, कोणत्या शेतात राता लावावयाचा व कोणत्या जागेवर माती टाकू द्यावयाची नाही, हे त्यावरून पावसाळ्यापूर्वीच ठरविता येईल.